वेलकम म्हणणारा गोठा

वसईजवळच्या एका गावात चर्चमधला नाताळचा गोठा, म्हणजे येशूच्या जन्माचा देखावा, मुलंच हाताने करायची. वर पेंढ्याचं छप्पर, आत मातीची मेंढरं आणि भोवती उगवलेल्या नाचणीचं हिरवंगार कुरण. सबीनाच्या लेकीने, ज्युडिथने, त्या नाचणीला जिवापाड जपलं होतं.

नाताळच्या आदल्या सकाळी विल्फ्रेडशेठ मॉलमधून तयार गोठा घेऊन चर्चमध्ये आले. सोनेरी खांब, रंगीत दिवे, पुढे काचेचं घट्ट बंद दार. कळ दाबली की आतून आवाज येई, "वेलकम! वेलकम!"

"फादर, तो पेंढा उचला आता," शेठ म्हणाले. "आपला गोठा इंग्लिश बोलतो!"

चर्चचं नवं छप्पर शेठनीच घातलेलं. त्यांना नाही म्हणणं फादरांना जड गेलं. ज्युडिथचे डोळे भरून आले. पोर काही बोलून बसेल म्हणून सबीनाने तिचा हात घट्ट धरला.

पण पोर बोललीच. "शेठकाका, तुमचाही राहू द्या ना. आमच्या गोठ्यात एक गोष्ट कमीच होती."

शेठ फुलले. "ऐका! कुठली गं?"

"येशूच्या जन्माआधी मरियामाय दारात आली तेव्हा जिथे तिला जागा दिली नाही, ती धर्मशाळा. ही तशीच आहे. वेलकम म्हणते, पण दार उघडत नाही."

सगळ्यांची नजर त्या बंद दाराकडे वळली. काचेआडून चालूच होतं, "वेलकम! वेलकम!"

शेवटी शेठनीच कळ बंद केली आणि खाली वाकून बाळ येशूसाठी पेंढा सारखा करू लागले.

सबीनाची पकड आपोआप सुटली. हे लेकरू आपल्या पोटी कुठून आलं, म्हणून ती नुसती बघतच राहिली.