चांगोची खांड

तो पलीकडचा बांध मधेच तुटलेला दिसतो ना, त्या जागेला चांगोची खांड म्हणतात. गावातला दुसरा कुठलाही बांध फुटला तर माणसं धावत जाऊन बुजवतात. ही खांड मात्र कुणी बुजवली नाही. भरतीचं पाणी तिथून आत शिरतं आणि सगळं खाजण, खाडीकाठची ही सखल जमीन, भरून टाकतं. एके काळी तिथं भात पिकायचं.

असं सांगतात, की तेव्हा गावात कुणाचीच स्वतःची जमीन नव्हती. सगळी खोताची. तो म्हणेल तेव्हा राहत्या घरातून उठायचं, त्याच्याकडे फुकट राबायचं, लेकीचं लग्नही त्याला विचारून ठरवायचं. एका वर्षी खोताने गावदेवीपुढे सगळ्यांसमक्ष शब्द दिला: खाडीला बांध घालून जो जमीन काढील, ती त्याची.

चांगो आणि त्याची बायको बायजी पुढे झाली. ओहोटी लागली की दोघं चिखलात उतरायची, दगड रचायची. भरतीने नेले की पुन्हा रचायची. खाऱ्या पाण्याने बायजीचे पाय म्हणे जन्मभर सोललेलेच राहिले. अखेर बांध टिकला, पावसाने मातीतलं मीठ धुऊन नेलं आणि तिथं भात उभं राहिलं.

त्या साली खोताकडून बोलावणं आलं, तेव्हा चांगो म्हणाला, "आज माझ्या शेतात काम आहे." असं त्या गावात आधी कुणी बोललं नव्हतं. लेकीचं लग्नही त्याने कुणाला न विचारता लावलं.

खोताला ते सोसलं नाही. पुढच्या हंगामात तो बांधावर आला. "बांध तुझा, चांगो. पण आतली माती माझ्या हद्दीतली. भात माझ्याकडे घाल आणि पूर्वीसारखा कामाला ये."

"देवीपुढे शब्द दिला होतात," चांगो म्हणाला. त्याने गावाकडे पाहिलं. सगळ्यांनी माना खाली घातल्या. त्यांची घरंही खोताच्याच जमिनीवर होती.

उधाणाच्या दिवशी चांगोने कुदळ उचलली. बायजी आडवी आली. "अवो, थोडं थांबा. दाणा तरी भरू द्या."

"भरला तर कुणाच्या कणगीत जाईल?"

बायजी खाली वाकली आणि आपणच रचलेले दगड उपसू लागली.

पाणी आत घुसलं तशी खोताची माणसं धावली. चांगो पळाला नाही. "माझं होतं म्हणून मोडलं," तो म्हणाला. "तुमचं असतं, तर हात लावायची छाती झाली नसती."

शिव्या मात्र गावाने त्यालाच दिल्या, पिकतं शेत बुडवलं म्हणून. दोघं मरेपर्यंत खोताच्या गोठ्यात राबली.

खोती कधीच गेली. पण खाजण खोताच्याच घराण्याच्या नावावर राहिलं. तिथले चिंबोरी खेकडे फार चांगले, पण आजही पाण्यात पाय घालायचा तर आधी त्या घराला विचारावं लागतं. तुम्हाला इथवर आणायचं होतं, म्हणून मी सकाळीच विचारून आलोय.