चेंडूकडे पाठ

१२ जानेवारी, रविवार. पहाटे दाट धुके, गवतावर दव. नऊनंतर स्वच्छ ऊन, वारा पश्चिमेचा.

बेदाण्याच्या व्यापारावर जगणाऱ्या एका गावात एकदा एक वृद्ध प्रशिक्षक होते. सारे त्यांना अण्णा म्हणत. उमेदीची बावीस वर्षे त्यांनी ऑस्ट्रेलियात रेल्वेच्या नोकरीत काढली होती आणि परतताना तिथला फुटबॉल ते गावी घेऊन आले होते. हा खेळ आपल्या ओळखीच्या फुटबॉलसारखा नव्हे. चेंडू लंबगोल, तो हातात धरता येतो, पायाने मारता येतो. मात्र सोबत्याला हाताने द्यायचा तर फेकायचा नाही, मुठीने ठोसायचा. मधल्या दोन खांबांतून मारला की गोल, त्याचे सहा गुण. बाजूने गेला किंवा खांबाला लागला तर एकच. आणि लांबून आलेला चेंडू उंच उडी घेऊन हवेतच झेलणे हे या खेळातले खरे धाडस.

अण्णांचा एक शिष्य होता. पेशाने शिक्षक, वय पस्तीस. अण्णांनंतर गावचा फुटबॉल क्लब त्यानेच सांभाळायचा हे ठरलेले होते. हा शिष्य प्रत्येक सामन्यात वही घेऊन बसे आणि कोणत्या मिनिटाला कोणाच्या हातून चेंडू सुटला, कोण उडाला, कोण उडाला नाही, हे नेमाने टिपून ठेवी.

त्या रविवारी उपांत्य सामना होता. संग्राम शिरतोडे या पट्टीच्या खेळाडूने एकट्याने सहा गोल मारले आणि संघ जिंकला. शीतगृहात पेट्या उचलणाऱ्या मुबारक मुलाणीने मात्र अकरा वेळा चेंडू घालवला. पण शिष्याला खटकली ती वेगळीच गोष्ट. अण्णा चेंडूकडे पाहतच नव्हते. चेंडू एका टोकाला गेला की त्यांची नजर दुसऱ्या टोकाला. एकदा तर संग्राम गोल मारत असताना ते चक्क पाठ करून उभे होते.

"अण्णा, मॅच तिकडं चाललीया!" प्रेक्षकांतून कोणीतरी ओरडले.

"चालू दे की. माझं काम हिकडं हाय," अण्णा म्हणाले. लोक खो खो हसले. शिष्याने मान खाली घातली.

सोमवारी सकाळी क्लबच्या सामानाच्या खोलीच्या दारावर अंतिम सामन्याची यादी लागली. नऊ नावे. त्यांत मुबारक होता. संग्राम नव्हता.

गावात गदारोळ उठला. क्लबचे अध्यक्ष बेदाण्याचे बडे व्यापारी होते आणि मैदानही त्यांच्याच मालकीचे. ते गाडीतून उतरले ते तावातच.

"अण्णा, डोकं ठिकाणावर हाय न्हवं? सहा गोल मारणारा बाहेर, आणि अकरा चुका करणारा आत?"

"होय, शेठ."

"चषक हातचा गेला तर?"

"जाईल."

"मग तुम्हीपण जाल. आणि तुमच्यामागनं त्यो मुलाणी. ध्यानात ठेवा."

"ठेवलं," अण्णा म्हणाले आणि चेंडूंत हवा भरू लागले.

शेठची गाडी वळताच शिष्य पुढे झाला. "अण्णा, माफ करा, पण शेठचं चुकत नाही. संग्रामला वागण्याबद्दल समज द्यायची असेल तर फायनलनंतर द्या."

"दोन वर्षं देतोय. फायनलला सुट्टी घेणारा नियम हा नियमच नव्हे," अण्णा म्हणाले. "तुझी वही काढ. मुबारकची पहिली चूक कितव्या मिनिटाला?"

"पाचव्या."

"त्याआधी झेलायला किती वेळा उडाला?"

शिष्याने बोट फिरवले. "तीनदा."

"आणि त्यानंतर?"

शिष्याने पान उलटले, पुन्हा मागे आला. "एकदाही नाही."

"पाचव्या मिनिटाला असं काय झालं?"

"चेंडू सुटला."

"त्याच्यापुढं?"

पुढे वहीत काही नव्हते.

"ते माझ्याकडं आहे," अण्णा म्हणाले. "तुम्ही सगळे चेंडूमागं गेलात, मी मुबारकपाशी थांबलो. चेंडू सुटला तसं संग्रामनं दोन्ही हात आभाळाकडं उडवले आणि पाठ फिरवली. चौघांनी आधी संग्रामकडं बघितलं आणि मग त्यांनीही हात उडवले. त्या क्षणानंतर मुबारक उडाला नाही. जो उडत नाही त्याच्याकडं चेंडू उशिरा येतो, वाकडा येतो, आणि पुन्हा सुटतो. पहिली चूक त्याची, बाबा. उरलेल्या दहा आपल्या क्लबाच्या आहेत."

शिष्याने ते वहीत टिपून घेतले. मग हळूच म्हणाला, "पण संग्रामचे सहा गोल?"

"संग्रामसारखे गोल दोन वर्षांत इथं कोणाला जमले नाहीत. त्याचे हातवारे मात्र सगळ्यांना जमले." अण्णांनी चेंडू दाबून पाहिला. "तिकडं ऑस्ट्रेलियात मी शेजारशेजारची दोन गावं पाहिली. एकीकडं तयार खेळाडू आणायचे, ते वर्षात सुकून जायचे. दुसरीकडं गुरं राखणारी, गहू भरणारी माणसं यायची आणि खेळाडू होऊन जायची. माती तीच, पाऊस तोच. फरक एवढाच की दुसऱ्या गावात एखाद्याचा झेल सुटला की सगळ्यात जवळचा माणूस धावत त्याच्याकडं जायचा. मी कोण घडवणारा? माझे आठवड्याचे सहा तास. माणूस घडतो तो शेजारी उभा असलेल्याच्या तोंडाकडं बघून. संग्रामला ते धावत जाणं जमलं की तोही आत येईल. शेठ काय म्हणतो यावर ते ठरणार नाही."

१९ जानेवारी, रविवार. धुके नाही, वारा पडलेला. अंतिम सामना.

तिसऱ्याच मिनिटाला मुबारकच्या हातून चेंडू निसटला. प्रेक्षकांतून "शीतगृहात जा, बर्फ झालास!" असा टोमणा आला. तेवढ्यात सर्वांत जवळचा सोबती धावत गेला, त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "मुबा, फुडचा तुझाच. उड तू, खाली मी हाय." शिष्याच्या एकदम लक्षात आले की चेंडू पार पलीकडे गेला आहे आणि आपण अजून इकडेच पाहत आहोत.

मुबारक उडाला. चेंडू सुटला, तरी तो पुन्हा उडाला. चौथ्या वेळी दोन जणांच्या खांद्यांवरून त्याने चेंडू असा झेलला की टोमणे मारणारेही उठून उभे राहिले.

शेवटचे मिनिट. संघ तीन गुणांनी मागे. गर्दीतून वर झेपावत मुबारकने पुन्हा झेल घेतला. नियमाप्रमाणे त्याला मोकळी किक मिळाली. गोल झाला तर चषक आपला. त्याने चेंडू मारला. तो सरळ गेला, थोडा वळला आणि खांबाला लागला. एक गुण. ५२ विरुद्ध ५०.

मुबारक गुडघ्यांवर बसला. उरलेले आठही जण त्याच्याकडे धावले. हात कोणाचेच वर गेले नाहीत.

शेठ मैदानात आले. "अण्णा, उद्यापासनं येऊ नका." मग शिष्याकडे वळून म्हणाले, "गुरुजी, आता क्लब तुमचा. फुडच्या रविवारच्या मॅचची यादी हितंच लिहा. पयलं नाव संग्राम."

शिष्याने अण्णांकडे पाहिले. अण्णा दुसरीकडेच, मुबारकभोवती जमलेल्या आठ जणांकडे पाहत होते. शिष्याने नऊ नावे लिहिली आणि कागद शेठच्या हाती दिला.

"ह्यात मुलाणी हाय!"

"आहे."

"संग्राम कुठाय?"

"पडलेल्याला उठवायला शिकला की येईल. सरावाला त्यानं जरूर यावं."

"मग तुम्हीबी घरी बसा, गुरुजी. मैदान माझं हाय."

"मैदान तुमचंच आहे, शेठ," शिष्य म्हणाला. "क्लब नाही." कागद परत घेऊन तो चालत गेला आणि त्याने यादी दारावर लावली.

मंगळवारी सकाळी सहा वाजता मैदानाला कुलूप होते. सराव नदीकाठच्या गवताळ पट्ट्यावर झाला. एकोणीस खेळाडूंपैकी सोळा हजर. सहा वाजून वीस मिनिटांनी संग्राम आला. सतरा.