म्हातारी कोंबडी आणि तोंडाळ ठकू

फार पूर्वीची गोष्ट आहे. इतकी पूर्वीची, की ज्या गावात ती घडली त्याचं नाव सांगणारंही आता कुणी उरलेलं नाही. मुलांनी नीट बसून ऐकावी आणि मोठ्यांनी आपलं लक्ष नाही असं दाखवत ऐकावी, अशी ही गोष्ट.

त्या गावात दोन जावा शेजारी शेजारी राहत होत्या. थोरली ठकू आणि धाकटी वेणू. दोन्ही घरांच्या मागे एकच परस होतं, आणि परसाच्या टोकाला एका खोपटात त्यांची सासू राहत असे. घरातली सगळीच माणसं बुरूडकाम करत. बांबू चिरायचा, टोपल्या आणि सुपं विणायची, बाजाराला न्यायची, असा त्यांचा दिवस जाई.

वेणूचं बोलणं मऊ होतं. तिच्या दारावरून जाणारा माणूस घटकाभर थांबूनच पुढे जाई. ठकूच्या दारावरून मात्र लोक भरभर चालत. ठकू धुरावर चिडे, ओल्या लाकडावर चिडे, आणि चिडण्यासारखं काही घडलं नाही, तर आता काहीतरी घडणार म्हणून आधीच चिडून घेई.

या ठकूकडे एक तांबडी कोंबडी होती. तरुणपणी तिने इतकी पिल्लं वाढवली होती, की गावातल्या निम्म्या खुराड्यांत तिचीच लेकरं आणि नातवंडं नांदत होती. पण आता ती म्हातारी झाली होती. आधी अंडी थांबली आणि मग एकामागून एक दुखणी सुरू झाली.

पहिल्यांदा तळपायाला कुरूप झालं. पाय सुजला, ती लंगडू लागली. ठकूने मिठाचं कोमट पाणी केलं, कोंबडीला काखेत धरून तिचा पाय त्यात बुडवला, मग हळद आणि तेल लावून चिंधी बांधली. कोंबडीने तेवढ्यात टोचून टोचून चिंधी सोडली. ठकूने पुन्हा बांधली. कोंबडीने पुन्हा सोडली, आणि वर पाण्याचं भांडंही लवंडलं.

पाय जरा बरा वाटतो तोवर तिच्या गळ्याखालची दाण्याची पिशवी तुंबू लागली. खाल्लेलं खाली उतरेना. मग नाचणीची पातळ पेज करायची, चोचीत थेंब थेंब तेल सोडायचं आणि ती पिशवी बोटांनी हलक्या हाताने चोळत बसायचं. त्यात भर म्हणून अंगात उवा झाल्या, शेपटीखाली घाण साचू लागली. दुबळी झालेली बघून बाकीच्या कोंबड्या तिची पिसं उपटू लागल्या. मग तिला वेगळी ठेवावी लागली. वेगळी ठेवली, तर ती दिवसभर ओरडायची.

ठकूचा नवरा भिवा शांत माणूस. त्याने कोंबडीसाठी मुद्दाम रुंद तोंडाचं नवं डालगं विणलं. कोंबडी त्यात बसली नाही. ती ठकूने निवडायला ठेवलेल्या डाळीच्या सुपात जाऊन बसली.

एकदा भिवाने भीत भीत विचारलं, की एवढा त्रास होतोय तर कापून टाकायची का. ठकू त्याच्यावरच उसळली. कापायची असती तर अंगावर मांस होतं तेव्हाच कापली नसती का, असं तिने त्याला सुनावलं. भिवाने तो विषय पुन्हा काढला नाही.

ठकूची चिडचिड मात्र वाढतच गेली. पाय धुताना ती कोंबडीला आळशी म्हणे, पेज पाजताना अधाशी म्हणे, आणि शेपटीखालचं धुताना तर असे शब्द वापरी, की ते इथे सांगण्यासारखे नाहीत. सगळ्या आळीला ते ऐकू जाई. लोक म्हणत, बिचाऱ्या कोंबडीचं नशीबच फुटकं, म्हातारपणी कुणाच्या हाती सापडली.

एके दिवशी सकाळी ठकूने मोठ्या कष्टाने कोंबडीला धुतलं, पुसलं, पायाला नवी चिंधी बांधली आणि तिला उन्हात ठेवलं. ती भाकरी थापायला वळली, तेवढ्यात कोंबडी लंगडत गेली आणि राखेच्या ढिगाऱ्यात लोळली. चिंधी चिखलराखेने माखली. ठकूने हातातलं पीठ तसंच परातीत आपटलं.

"मर एकदाची," ती म्हणाली. "तूही सुटशील आणि मीही सुटेन."

परसात वेणू उभी होती. तिने धावत येऊन कोंबडीला उचललं आणि छातीशी धरलं. तिचे डोळे भरून आले.

"अक्का, मुकं जनावर आहे हे," ती म्हणाली. "तुम्हांला असं बोलवतं तरी कसं? द्या माझ्याकडे. मी सांभाळते."

"ने," ठकू म्हणाली.

आणि मग, चिडलेल्या आवाजातच, तिने सगळं सांगितलं. पाय रोज धुवायचा. कोरडं धान्य द्यायचं नाही, पेजच द्यायची. पिशवी हाताला कडक लागली तर लगेच तेल सोडायचं आणि चोळायचं. वेणूने प्रत्येक गोष्टीला मान हलवली आणि कोंबडीला घरी नेलं.

वेणूने तिच्यासाठी जुन्या लुगड्याची मऊ गादी केली. तिला लाडाचं नाव ठेवलं. तिला मांडीवर घेऊन ती तिच्याशी इतकं गोड बोलायची, की आळीतल्या बायका बघायला यायच्या. कोंबडी तांदळाकडे मान लांब करायची, आणि नाही म्हणणं वेणूच्या जिवावर यायचं. म्हणून ती तिला मूठ मूठ तांदूळ द्यायची. भुकेल्या जिवाला पाणचट पेज कशी पाजायची, असं तिला वाटे.

पायाची चिंधी सोडायची वेळ आली. वेणूने ती सोडली. आतली जखम बघून तिला भोवळ आली. तिने डोळे मिटले आणि चिंधी तशीच गुंडाळून टाकली. नवऱ्याला ती म्हणाली, की मला नाही बघवत हो. आणि ती खरोखर रडली. हे नीट लक्षात ठेवा, की तिचं रडणं खोटं नव्हतं. तिला बघवत नव्हतं, म्हणून तिने बघितलं नाही. दुसऱ्या दिवशीही बघितलं नाही. पुढे जखमेला वास येऊ लागला तेव्हा तिने गादी उचलून मागच्या कुडाच्या आडोशाला ठेवली, आणि ती दारातूनच कोंबडीकडे बघून डोळे पुसू लागली.

इकडे ठकूला हायसं वाटलं. कितीतरी दिवसांनी तिने तव्यावरची गरम भाकरी बसून खाल्ली. पण घास गिळता गिळता तिला आपलेच शब्द आठवले. लोक म्हणतात ते खरंच असेल, असं तिला वाटलं. दगडाच्या काळजाची बाई असल्याशिवाय आजारी जिवाला मर म्हणवत नाही. कोंबडी चांगल्या हाती पडली, आपण तिकडे फिरकू नये, असं तिने ठरवलं. आणि त्या ठरवण्यावरही ती दिवसभर चिडचिडत राहिली.

असे काही दिवस गेले. सासू परसात बांबूच्या पट्ट्या सोलत बसलेली असे. तिने एकदा ठकूला जवळ बोलावलं. कोंबडीचा आवाज कालपासून येत नाही, असं ती म्हणाली. वेणू बघतेय ना, असं म्हणून ठकूने बोलणं तोडलं.

"वेणू बघत नाही," सासू म्हणाली. "तू जाऊन बघ."

ठकू कुडामागे गेली. कोंबडी गादीवर एका कुशीला पडली होती. मान खाली टाकलेली, चोच उघडी. गळ्याखालची पिशवी दगडासारखी घट्ट झाली होती. पायाची चिंधी जखमेला चिकटली होती आणि तिच्यावर माश्या घोंगावत होत्या. दारात वेणू तोंडाला पदर लावून उभी होती. आता खूप उशीर झाला असेल, असं ती हुंदके देत सांगत होती.

ठकूने वाकून कोंबडीची मान उचलली. ती ओरडली ती कोंबडीवरच.

"एवढे तांदूळ गिळायला कुणी सांगितलं होतं तुला? जरा पाठ फिरवली की हे असं करून ठेवायचं."

तिने कोंबडीला पदरात घेतलं आणि घरी आणलं. चोच उघडून तेल सोडलं. मग उंबऱ्यावर बसून ती पिशवी चोळू लागली. जरा थांबायची, कोमट पाणी पाजायची, पुन्हा चोळायची. दुपार झाली, चूल पेटली नाही. भिवा चटणी आणि शिळी भाकरी खाऊन कामाला बसला. ठकूचा हात आणि तोंड, दोन्ही एकदम चालू होती. दुसऱ्या हाताने तिने चिंधी भिजवून भिजवून सोडवली आणि जखम धुतली. कोंबडीच्या पापण्या मिटू लागल्या की ती तिला आणखी मोठ्याने बोले, जणू त्या शब्दांना धरून तिला अलीकडे ओढत होती.

दिवस मावळायच्या सुमारास पिशवी जरा मऊ लागली. सकाळी कोंबडीने पेजेचे चार थेंब घेतले आणि ठकूच्या बोटाला जोरात टोच मारली. ठकूने तिला शिवी दिली आणि मग तोंड फिरवून डोळे पुसले.

कोंबडी जगली. तिने पुढे सोन्याचं अंडं घातलं, असं ऐकायची ज्यांची इच्छा असेल त्यांची निराशा होईल. तिने साधंसुद्धा अंडं घातलं नाही. ती लंगडतच राहिली, सुपातच बसत राहिली, आणि ठकूचा रोजचा वेळ आणि डोकं खातच राहिली.

सुगी संपली तेव्हा सासूची नजर फार मंदावली. चुलीजवळ तिचा हात भाजला. दोन्ही मुलगे आले आणि म्हणाले, की आता तू एकटी राहायचं नाहीस, कुणाच्या घरी राहायचं ते तूच सांग. म्हातारी वेणूकडेच जाणार, हे सगळ्या आळीने गृहीतच धरलं होतं. वेणूने तर अंथरूणही घालून ठेवलं होतं.

सासू म्हणाली, "मी ठकूकडे राहीन."

वेणूला रडू कोसळलं. पण सगळ्यांत जास्त गडबडली ती ठकू. ती पुढे आली आणि खाली बघत बोलली.

"आत्याबाई, मी तोंडाळ आहे. त्या कोंबडीला मी मर म्हणाले होते, तुम्ही ऐकलंय. तुम्हांलाही बोलेन. माझं माझ्यावर चालत नाही."

"बोल की," सासू म्हणाली. "मला आताशा ऐकू कमीच येतं. पाय दुखतात ते मात्र बरोबर कळतं."

मग तिने वेणूला जवळ बसवलं आणि तिच्या पाठीवरून हात फिरवला. "तुझं काळीज मऊ आहे, पोरी, त्यात काही वाईट नाही. पण दुखणं बघवत नाही म्हणून तू डोळे मिटतेस, तेव्हा समोरचा एकटा पडतो. रोज ठकूकडे येत जा. माझे पाय धुवायला ती बसेल तेव्हा तू पाणी ओत, आणि तोंड फिरवू नकोस."

तसंच झालं. म्हातारी पुढे बरीच वर्षं ठकूच्या घरी राहिली. तिला रोज बोलणी बसत आणि रोज तिच्या पायांना तेल लागे. वेणू पहिल्यांदा दुसरीकडे बघत पाणी ओतायची, मग अर्धवट बघू लागली, आणि एक दिवस तिने ठकूच्या हातून कापड घेऊन टाचेच्या भेगा स्वतः पुसल्या. ठकू म्हणाली, की अशाने सासूबाई दिवाळीपर्यंत ओल्याच राहतील, जरा घासून पूस. वेणूने घासून पुसलं.

तात्पर्य: दुसऱ्याचं दुखणं बघून नुसते भरून आलेले डोळे त्याला वाचवत नाहीत, कुरकुरत का होईना, रोज जखम धुणारा हात वाचवतो.