चौथा वाटा

प्राणी आपसांत बोलत आणि हिशेबही करत, त्या काळची ही गोष्ट. एका आंब्याच्या ढोलीत मैनी नावाची खार आपल्या चार पिल्लांसह राहायची. ती रोज बारा बोरं आणायची आणि थोरला झुंबर ती वाटायला बसायचा. "चार त्रिक बारा," असं म्हणत तो चौघांपुढे तीन-तीन बोरं ठेवायचा. मैनी बाहेरच काहीबाही खाऊन यायची.

एके दिवशी घारीनं धाकट्या पिंगीला फांदीवरून उचलून नेलं. मैनी ओरडत शेंड्यापर्यंत धावली, पण तोवर घार दिसेनाशी झाली होती.

दुसऱ्या दिवशी मैनीनं सवयीनं बाराच बोरं आणली. झुंबरनं तिघांपुढे तीन-तीन ठेवली. उरलेल्या तीन बोरांतलं एकेक त्यानं प्रत्येकाच्या वाट्यात टाकलं.

"तीन चोक बारा," तो पुटपुटला.

"आई," मधली चिमी रडवेली होऊन म्हणाली, "पिंगी नाही, तरी काहीच कसं उरलं नाही?"

चौथं बोर कुणीच तोंडाला लावलं नाही.

झुंबरनं आईकडे पाहिलं. कालपासून तिनं काहीच खाल्लं नव्हतं. त्यानं ती तीन बोरं गोळा केली आणि तिच्यापुढे ठेवली.

"ही पिंगीची आहेत रे," मैनी म्हणाली.

"पिंगीला आता देता येत नाहीत," झुंबर म्हणाला. "ही तुझी. आपण चौघं आहोत, आई."

मैनीनं एक बोर उचललं आणि पिल्लांच्या पंगतीत बसून रडत रडत खाल्लं.