राजाचा पाय आणि काळं रान

राजा रणधवलाचा उजवा पाय हैबती शेतकऱ्याच्या रानात अडकला तो अडकलाच!

चैत्राचं ऊन. काळ्या रानाला वीतवीत रुंद भेगा पडलेल्या. शिकारीच्या नादात महाराज त्यातल्याच एकीत मांडीपर्यंत गेले. चार शिपायांनी ओढलं तेव्हा पाय आला, जोडा मात्र आतच राहिला.

“हैबती!” महाराज कडाडले. “परवा संध्याकाळपर्यंत या भेगा बुजव! मातीनंच! पण बाहेरून चिमूटभर आणायची नाही आणि इथली चिमूटभर उकरायची नाही. नाही जमलं तर रान जप्त!”

दरबारचे मातीपंडित भूमानंदशास्त्री सोबतच होते. ते हळूच म्हणाले, “महाराज, माती तीन प्रकारची. काळी, तांबडी, मुरमाड. तिन्हींत हे अशक्य आहे.”

“म्हणून तर सांगितलं!”

हैबती रडायलाच लागला. त्याची थोरली लेक साळू मात्र म्हणाली, “बाबा, रडायचं नंतर. आधी मोटेला बैल जुंपा!”

दोन दिवस मोट चालली. रान घटाघटा पाणी प्यालं, फुगलं, आणि एकेक भेग मिटत गेली.

तिसऱ्या दिवशी महाराज आले. भेग एक नाही!

“माती कुठून आणलीस?”

“कुठूनच नाही,” साळू पुढे होऊन म्हणाली. “काळी माती पाण्यानं फुगते, उन्हानं आकसते. तिला नुसतं पाणी पाजलं.”

“मग तांबडीही फुगेल!”

“छे! तांबडी अशी फुगत नाही, मुरमाड तर पाणी गाळूनच टाकते. फार पूर्वी भुईतून आगीचा रस वाहिला, त्याचा काळा दगड झाला. या तिघी त्याच दगडाच्या लेकी, पण स्वभाव तीन तऱ्हेचे!”

शास्त्रीबुवांनी घाईघाईनं लिहून घेतलं.

“खोटं!” म्हणत महाराज रानात उतरले. चार पावलं गेले आणि पचाक्! दोन्ही पाय गुडघ्यापर्यंत रुतले. डावा उपसावा तर उजवा खोल, उजवा उपसावा तर डावा. शिपाई ओढायला धावले, तेही रुतले. शास्त्रीबुवा तर चिखलात बसलेच!

“अगं, आता बाहेर कसं यायचं?”

साळूनं बांधावरून हात जोडले. “घाबरू नका महाराज! पंधरा दिवस ऊन पडू द्या, माती स्वतःच भेग पाडून तुम्हाला सोडेल. तोवर भाकरी मी इथंच आणून देईन. लसणाची चटणी चालते ना?”

चिखलात उभे महाराज असे हसले, असे हसले, की आणखी वीतभर खाली गेले!

“चालते!” ते ओरडले. “आणि हे रान पिढ्यान्‌पिढ्या तुमचं, शेतसारा माफ! शास्त्रीबुवांची जागाही तुझी! पण पोरी, आधी दोर टाक!”