कुत्र्याचा पाय आणि कुत्र्याची जीभ

एका माळरानावर मेंढ्यांच्या कळपासोबत एक कुत्रा राहत असे. दिसायला तो काही रुबाबदार नव्हता. त्याचा एक कान तर जन्मापासूनच लोंबता होता. पण ओढ्यापलीकडच्या लांडग्याला विचारले असते, तर तो म्हणाला असता, "असला वाईट कुत्रा जगात दुसरा नाही." राखणदार कुत्र्याचे याहून मोठे कौतुक ते कोणते! त्याच्या भरवशावर कोकरे दिवसभर बागडत, आणि लांडगा पलीकडे बसून नुसत्या जिभल्या चाटत असे.

पण मुलांनो, गवत पिवळे पडायला लागले तसा हा कुत्रा लंगडू लागला. उजव्या पुढच्या पायाच्या बोटांमध्ये फोड आला, फुटला, आणि त्याची जखम झाली. कुत्रा हट्टी. कुणी विचारले की म्हणे, "कुठे काय? सहज जरा तिरका चालतो." मग जखम वाढली आणि तिरके चालणेही जमेना, तेव्हा सल्ल्यांना ऊत आला. म्हैस म्हणाली, "चिखलात बस, गार वाटेल." तो चिखलात बसला आणि जखम आणखी चिघळली. शेळी म्हणाली, "बाभळीचा डिंक लाव." त्याने लावला, तर बोटे एकमेकांना चिकटून बसली आणि सोडवताना त्याच्या डोळ्यांत पाणी आले. आता लांडगा ओढ्याच्या अगदी काठाशी येऊन बसू लागला. रोज तो गोड आवाजात विचारी, "काय रे, पाय कसा आहे?" आपला पाय गेला तर कळप गेला, हे कुत्र्याला पक्के ठाऊक होते.

शेवटी तो गायबगळ्याकडे गेला. म्हशीच्या कानामागची गोचीड शोधून शोधून या पाखराची नजर बारीक झाली होती. बगळ्याने सल्ला दिला नाही. तो म्हणाला, "आधी चारही पाय दाखव."

"दुखतो एकच, मग चार कशाला?" कुत्रा वैतागला.

"दाखव म्हटलं ना!" बगळ्याने एकेक पाय उलटासुलटा पाहिला. "बाकीचे तीन स्वच्छ आहेत, म्हणजे ही खरूज नव्हे. तळवा शाबूत आहे, म्हणजे दगडाने कापलेलं नाही. सूज फक्त बोटांच्या बेचक्यात आहे. तू कुसळी गवतातून धावलास का?"

"लांडग्याच्या मागे धावताना गवत बघत बसू का?"

"मग हलू नकोस." बगळ्याने चोच आत घातली. कुत्र्याने दात आवळले, पण पाय काही मागे घेतला नाही. एक कुसळ निघाले, त्यामागून आणखी एक. बगळा म्हणाला, "वाहत्या पाण्यात धू, उन्हात वाळव, आणि थोडे दिवस गवतात जाऊ नकोस."

कुत्र्याने सगळे ऐकले. धुतले, वाळवले, गवत टाळले. तरीही जखम भरेना! खपली धरे आणि सकाळी पुन्हा ओली. तो रागारागाने बगळ्याकडे परत गेला. बगळ्याने पुन्हा चोच घातली, पण आत काही सापडले नाही. मग त्याची नजर जखमेभोवतीच्या केसांवर गेली. कुत्रा पांढरा, पण तेथले केस तांबूस झाले होते.

"हे असे कशाने झाले?"

"चाटल्याने," कुत्रा म्हणाला. "आम्हा कुत्र्यांचं औषध तेच. लहानपणी आईच चाटायची."

"आई धूळ काढायची, बाबा. तू खपली काढतोयस. कुसळ मी काढलं, पण तुझी जीभ काही मला काढता येणार नाही!"

कुत्रा तसाच मागे वळला. लंगडत कळपाकडे आला आणि ज्यांची राखण करायची त्या कोकरांसमोर मान खाली घालून म्हणाला, "माझं तोंड पायाकडे गेलं, की मोठ्याने ओरडा." कोकरांना आयताच खेळ मिळाला. कुत्र्याने जरा मान वळवली, की चहूबाजूंनी गलका होई, "जीभ! जीभ!" एकदा बिचारा माशी हाकलायला वळला, तरी ओरडा झालाच. त्याला फार लाज वाटे. खाज तर अशी, की पाय चावून टाकावासा वाटे. पण तो पाय पोटाखाली दाबून बसे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तसाच बसे. हळूहळू खपली घट्ट झाली, आणि जखम भरत आली तशी खाज मात्र दुप्पट वाढली.

अशाच एका संध्याकाळी लांडगा ओढा ओलांडून अलीकडे आला. "फार खाजतंय ना?" तो म्हणाला. "चाट की थोडं. कोकरं झोपलीत, आता कोण बघतंय?"

कुत्र्याची जीभ खरोखरच बाहेर आली होती. लांडग्याचे बोलणे ऐकून ती जागीच थांबली. आपण चाटावे असे याला का वाटते, हे त्याला त्या क्षणी उमगले.

"मी बघतोय," कुत्रा म्हणाला.

त्याने जीभ आत घेतली, दुखरा पाय पोटाखालून काढला आणि जमिनीवर घट्ट रोवला. पाय दुखला, पण लचकला नाही. मग तो चारही पायांवर असा सुटला, की लंगड्या कुत्र्याच्या हिशेबाने आलेल्या लांडग्याला वळायलाही सवड मिळाली नाही. शेपटीचा झुबका कुत्र्याच्या दातांत सोडून तो ओढ्यात पडला, आणि पलीकडे निघाल्यावरही थांबला नाही. भुंकण्याने कोकरे जागी झाली. पाहतात तो कुत्र्याच्या तोंडातून काहीतरी लोंबते आहे. झाले, सगळी एका सुरात ओरडली, "जीभ! जीभ!"

तात्पर्य : दुखण्याचे मूळ दुसरा कुणी शोधून काढू शकतो, पण ते चिघळवणारी आपली सवय आपल्यालाच निर्धाराने मोडावी लागते.