काट्याची थरथर

“पण बाबा, थरथरणारा काटा बरा दिसतो का?”

दिगंबर विचारत होता. मांडीवर लॅपटॉप, चेहऱ्यावर पहिला नंबर आल्यासारखं हसू.

मस्तानशाबाबा तकियाच्या, म्हणजे फकिराच्या मठीच्या, कट्ट्यावर उन्हाला बसले होते. पौषातलं ऊन ते, तिरपं, अंगाला जेमतेम लागणारं. बाबांचे डोळे जाऊन बारा वर्षं झाली. त्याआधी ते पंखे, रेडिओ दुरुस्त करायचे, आणि हा दिगंबर त्यांच्याच हाताखाली तार गुंडाळायला शिकला. पुढं शहरात गेला, इंजिनिअर झाला.

आज तो आला होता तकियाशेजारच्या दवाखान्यासाठी. दवाखाना म्हणजे एकच खोली. छपरावर सोलरचे पॅनल, आत बॅटरी, आणि दोन्हींच्या मधे दिगंबरनं सकाळी बसवलेली पेटी. पेटीवर किती वीज येते ते दाखवणारा काटा, आत चिप. पॅनलमधून जास्तीत जास्त वीज कुठल्या दाबाला, म्हणजे व्होल्टेजला, निघते ते शोधायचं, एवढंच तिचं काम.

“मग थांबवलास तू काटा?” बाबांनी विचारलं.

“थांबवला. ही चिप सारखी चाचपत बसते, बाबा. जरा पुढं जाऊन बघते, जरा मागं येऊन बघते. काटा आपला थरथर, थरथर. बघणाऱ्याला वाटतं, कारागीरच कच्चा. बारा वाजता सगळ्यात जास्त वीज मिळाली, ती जागा मी तिला लिहूनच दिली. म्हटलं, इथं उभी राहा. हलायचं नाही.”

“आता किती वाजले?”

“साडेतीन.”

बाबांनी दवाखान्याकडे कान केला...

“फ्रिज धापा टाकतोय, बेटा.”

तेवढ्यात दवाखान्याची शेवंता सिस्टर दारात आली. “दिगंबरभाऊ, काटा खाली बसलाय तुमचा. आणि फ्रिजमधला पारा सहावर गेला.”

त्या फ्रिजमधे चाळीस लेकरांच्या लशी होत्या. टोचायच्या होत्या उद्या सकाळी. पारा आठाच्या वर गेला की सगळ्या फेकायच्या. पाड्यापाड्यांवरच्या आया लेकरं पाठीला बांधून, दिवसभर चालून आल्या होत्या आणि ओसरीवर बसल्या होत्या. बर्फ मिळायचा तो खालच्या गावात, चार तासांच्या वाटेवर. बॅटरीत तर जीवच उरला नव्हता.

दिगंबरनं वर पाहिलं. डोंगराची सावली उतरली होती. अर्धे पॅनल सावलीत, अर्धे उन्हात.

त्यानं घाईघाईनं चिपला पुन्हा चाचपायची परवानगी दिली. पण बारीक बारीक पावलांनी. काटा जरासा चढला. थांबला. तिथंच घुटमळत बसला.

“पावणेसात,” सिस्टर आतून म्हणाली.

“याहून जास्त निघणारच नाही,” दिगंबरचा आवाज चढला. “एक पाऊल इकडे टाकलं तरी वीज कमी होते, तिकडे टाकलं तरी कमी होते. म्हणजे शेंडा हाच. ऊनच संपलं, त्याला मी काय करू?”

“इकडे ये,” बाबा म्हणाले. “डोळे मीट.”

“बाबा, पारा सातावर चाललाय!”

“म्हणून तर म्हणतो. मीट.”

दिगंबरनं डोळे मिटले. बाबांनी त्याचे खांदे धरून त्याला गरगर फिरवलं, आणि सोडलं.

“सूर्य कुठाय, दाखव.”

दिगंबरनं मान जरा डावीकडे वळवली. गालाला ऊब लागली. आणखी जरा वळला, ऊब कमी झाली. मागं आला, पुन्हा लागली. त्यानं बोट केलं.

“हा इथं.”

ओसरीवरच्या बायका फस्सकन हसल्या. एवढ्या घोरातही सिस्टरला हसू आलं. “अहो, ती चहाची चूल आहे!”

दिगंबरनं डोळे उघडले. समोर चूल. वर काळी किटली.

“पुन्हा मीट,” बाबा म्हणाले. “आणि आता पुरता फीर.”

तो फिरला. चूल पाठीला गेली. तोंडावर गार वारा आला, नुसता गार वारा. पाय आपोआप मागं वळायला लागले.

“थांबू नको.”

“इकडे काहीच नाही, बाबा.”

“थांबू नको...”

आणखी चार पावलं. मग कपाळावर, दोन्ही गालांवर, पापण्यांवर सगळीकडून एकदम ऊब आली.

तो धावत लॅपटॉपपाशी गेला. एक हुकूम लिहिला, आणि बोट बटणावर तसंच थांबलं.

“बाबा, चिपला एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत जायला सांगतोय. पण तेवढा वेळ वीज शून्यावर जाईल. बॅटरी मेलेली आहे. फ्रिज बंद पडला आणि परत उठलाच नाही, तर?”

“साडेसात!” सिस्टर ओरडली.

बाबा चाचपत आले. त्याच्या मनगटाला धरून बसले.

“दाब.”

त्यानं दाबलं.

काटा पडला. शून्यावर.

फ्रिजचा आवाज गेला. ओसरीवर एक लेकरू किरकिरलं, आईनं त्याला छातीशी दाबलं.

“बंद पडला हो,” सिस्टर रडवेली होऊन म्हणाली. “होतं तेवढं तरी राहू द्यायचं होतं!”

दिगंबरचा हात मागं फिरवायच्या बटणाकडे गेला. मनगट सुटेना.

...

काटा हलला. जरा चढला, जुन्या जागी आला. ती जागा सोडून पुन्हा खाली घसरला. खाली, आणखी खाली... आणि मग चढायला लागला. जुन्या जागेच्या वर गेला. दुप्पट वर. थोडा पुढं जाऊन मागं आला, आणि तिथं लागला थरथरायला.

आत फ्रिज खोकल्यासारखा करून सुरू झाला.

सिस्टर दार धरून उभी राहिली. बऱ्याच वेळानं म्हणाली, “साडेसातच आहे. वर जात नाहीये.” मग आणखी थोड्या वेळानं, “सात.”

दिगंबरच्या कपाळावर त्या थंडीत घाम होता. त्यानं तो बाहीला पुसला. काट्याकडे बघत राहिला.

“सापडली जागा, बाबा. पण काटा अजून थरथरतोय. आता थांबवू?”

बाबांनी अजून त्याचं मनगट सोडलं नव्हतं. तेव्हा कुठं दिगंबरच्या ध्यानात आलं. मघापासून तो म्हातारा हात थरथरत होता.

“माझा हात थांबेल,” बाबा म्हणाले, “तेव्हा थांबव.”